रात्री वाळूवरून गरवायचंय? आधी चर कुठे आहे ते बघा

ओलीवाळू

गेली अकरा वर्षं मी रात्री वाळूच्या किनाऱ्यावरून गरवतोय, म्हणजे गळाने मासे धरतोय. खडकावरून, जेटीवरून, होडीतून गरवणारे बरेच लिहितात. सपाट वाळूबद्दल कोणी फारसं लिहीत नाही, कारण तिथे बघण्यासारखं काही नसतंच असा समज आहे. समोर पाणी, पायाखाली वाळू, कुठेही उभं राहा आणि गरी फेका. पहिली तीन वर्षं मीही हेच केलं. नंतर एका रात्रीने माझी समजूत पार बदलली. ती रात्र इथे सविस्तर लिहितो.

अमावस्येचा दुसरा दिवस होता, म्हणजे उधाण. ओहोटी साडेसहाला संपणार आणि पाऊण वाजता पूर्ण भरती. मी आणि माझा मित्र अंधार पडता पडता पोचलो, तेव्हा पाणी खूप आत गेलं होतं. किनाऱ्यापासून साठ-सत्तर पावलांवर वाळूचा लांबलचक दांडा उघडा पडला होता आणि त्याच्या पलीकडे लाटा फुटत होत्या. दांडा आणि किनारा यांच्यामध्ये चर, म्हणजे किनाऱ्याला समांतर लांबट खोलगट पट्टा, आणि त्यात घोटाभर पाणी. ते तुडवत आम्ही दांड्यावर गेलो. वाटलं, आयतीच साठ पावलं मिळाली, आता गरी थेट खोल पाण्यात पडेल.

वाळूत नळ्या रोवून त्यांत रॉड उभे केले, टोकांना लाइट स्टिक लावल्या आणि बसलो. मतलई वारा सुटला होता. पाठीवर वारा असल्याने फेक लांब जात होती. दोन तासांत एकही मासा लागला नाही. दर वेळी आमिष होतं तसं परत यायचं. आमचं सगळं लक्ष त्या दोन हिरव्या ठिपक्यांवर.

सव्वाआठच्या पुढे कधीतरी लाटेचं पाणी नळीपर्यंत आलं आणि रोवलेली नळी कलंडली. ती सरळ करायला उठलो तर पाणी पोटरीपर्यंत आलेलं. मागे वळून बॅटरी मारली. जिथून घोटाभर पाण्यातून आलो होतो तिथे काळं, सपाट पाणी होतं, आणि त्यावरचा फेस किनाऱ्याकडे न जाता आडवा, एका बाजूला वाहत चालला होता.

ते बघताना पोटात जो खड्डा पडला तो अजून आठवतो. दांडा उंच असतो, म्हणून तो शेवटी बुडतो. त्याच्या मागचा चर आधी भरतो, कारण पाणी समोरून दांड्यावर चढत नाही, दांड्याच्या दोन टोकांकडून मागे शिरतं. आपण समोर बघत असतो आणि परतीची वाट पाठीमागे बुडत असते.

मित्राला म्हटलं, आत्ताच्या आत्ता निघू. त्याचा रॉड पाण्यात पडलेला होता. तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, कापलं आणि रॉड उचलला. फेस ज्या दिशेला वाहत होता तिकडे दांडा तुटलेला असणार, तिथूनच पाणी जोरात बाहेर ओढलं जातं. म्हणून आम्ही उलट बाजूला शंभरेक पावलं दांड्यावरूनच चाललो आणि तिथून उतरलो. रॉडचं बूड काठीसारखं पुढे टेकवत, पाय न उचलता वाळूवरून घासत. पाणी कंबरेच्या वर आलं. मध्यावर एक लाट दांडा ओलांडून आली तेव्हा दोघांचेही पाय क्षणभर सुटले. मग उतार लागला, गुडघे मोकळे झाले आणि आम्ही कोरड्या वाळूवर येऊन बसलो. बराच वेळ कोणीच बोललं नाही.

खरं सांगायचं ते पुढेच आहे. घरी जायचं बळ नव्हतं म्हणून तिथेच बसून राहिलो. माझ्या रॉडवर अजून आमिष होतं. मी उठून सहज, वीस पावलांवर पडेल इतकं हलकं फेकलं. म्हणजे नुकताच जो चर ओलांडला त्यातच. तंगूस ताणायच्या आत टोक वाकलं. हाताला दोन जड धक्के, मग बाजूला धाव. बाहेर आला तो ढोमा, हातभर नसेल पण वीतभरापेक्षा चांगला मोठा. हातात धरला तर तो आतून घुरघुरत होता आणि ती थरथर तळहाताला लागत होती. पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून तो हा आवाज काढतो. त्या रात्री साडेनऊ ते साडेबारा आम्ही नऊ मासे धरले, सगळे त्याच चरातून. दोन तास आम्ही माशांच्या डोक्यावरून फेकत होतो.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. रात्री जिथे गरवायचं, तिथे आधी दिवसाउजेडी, तळाच्या ओहोटीला जाऊन चालायचं. चर कुठे सुरू होतो, कुठे संपतो, दांडा कुठे तुटलाय, हे पायाने मोजायचं. मासा चरात असतो आणि आपला घातही चरातच असतो. दोन्हीसाठी बघायचं एकच.

लांबफेक

ओलीवाळू, वाचताना घशाला कोरड पडली. सुखरूप आलात हे महत्त्वाचं.

एका मुद्द्यावर मात्र माझं वेगळं मत आहे. लांब फेक निरुपयोगी असते असं यावरून कोणाला वाटू नये. ओहोटीच्या तळाला चरात घोटाभर पाणी असताना मासा तिथे नसतोच, तो दांड्याच्या समुद्राकडच्या उतारावर असतो. त्या वेळी शंभर मीटर फेकणाऱ्यालाच मासा लागतो. पाणी चढायला लागलं की मासा त्याच्याबरोबर आत येतो. म्हणजे फेक भरतीबरोबर आखूड करत आणायची. मी भरतीचा पहिला तास लांब फेकतो, तिसऱ्या तासापासून निम्म्यावर येतो आणि शेवटच्या दोन तासांत पायाशी.

ओलीवाळू

मान्य. मी लिहिलं ते भरतीच्या मधल्या आणि शेवटच्या तासांसाठी. पण रात्री पहिली फेक नेहमी जवळच टाका, असं मी तरीही म्हणेन. अंधारात मासे गुडघाभर पाण्यातही निर्धास्त येतात. पाण्यात शिरून, बॅटरी फिरवून आपणच त्यांना हुसकावतो आणि मग शंभर मीटरवर शोधतो.

नवखा_गळ

नमस्कार, मी या छंदात अगदी नवीन आहे. दोनच वेळा गेलोय, दोन्ही वेळा रिकाम्या हाताने परतलो. काही प्रश्न आहेत, फार बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या.

चर दिवसा ओळखायचा कसा? पाणी भरलेलं असेल तर काहीच कळत नाही. शिवाय फेकताना माझं तंगूस दोनदा तुटलं आणि पुढे बांधलेलं शिशाचं वजन सुसाट गेलं. बाजूला कोणी असतं तर काय झालं असतं या विचाराने हात थरथरतात. आणि भरतीची वेळ कशी काढता?

शिसंदोरी

नवखा_गळ, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. सुटलेलं शिसं माझ्या वडिलांच्या कानाजवळून गेलं होतं.

रिळावरचं तंगूस बारीक असतं, लांब जावं म्हणून. पण फेकीच्या झटक्याचा भार त्याला पेलत नाही. म्हणून पुढे जाड तंगुसाचा तुकडा जोडायचा, ज्याला शॉक लीडर म्हणतात. हिशेब सोपा आहे. १०० ग्रॅम शिशाला निदान १६ किलो ताकदीचा लीडर, १५० ग्रॅमला २४ किलोचा. लांबी इतकी हवी की फेकायच्या पवित्र्यात लीडरचे पाच-सहा वेढे रिळावर राहिले पाहिजेत, म्हणजे झटका बसतो तेव्हा गाठ आणि बारीक तंगूस दोन्ही सुरक्षित असतात.

गाठ आवळण्याआधी ओली करा. कोरडी आवळली तर घर्षणाने तंगूस तापून तिथेच कमजोर होतं. तुमचं दोनदा तुटलं ते बहुतेक गाठीपाशी तुटलं असणार. तुटलेलं टोक बघा. गुंडाळी पडल्यासारखं वळलेलं असेल तर गाठ सुटलीय, सरळ तुटलेलं असेल तर झटक्याने तुटलंय.

दर तासाला लीडरचा शेवटचा हातभर भाग दोन बोटांत धरून ओढून बघा. वाळूने खरखरीत झाला असेल तर तेवढा कापून पुन्हा बांधा. अंधारात डोळ्यांपेक्षा बोटंच भरवशाची. आणि फेकण्याआधी मागे बघून मोठ्याने सांगायचं, ‘फेकतोय’. आमच्यात हे सांगितल्याशिवाय कोणी फेकत नाही.

ओलीवाळू

शिसंदोरी ताई, छान सांगितलंत.

चर ओळखण्याबद्दल. पाणी भरलेलं असताना किनाऱ्यावरच्या एखाद्या उंच जागी उभं राहा आणि दहा मिनिटं नुसतं बघा. लाट उथळावर फुटते. जिथे सतत पांढरं फुटतंय तिथे दांडा. फुटलेली लाट पुढे येऊन अचानक विझते, पाणी काळपट आणि शांत दिसतं, तो चर. मग ती पुन्हा किनाऱ्याशी फुटते. आणि दांड्याच्या पांढऱ्या पट्ट्यात जिथे खंड पडलाय, तिथे लाटा फुटतच नाहीत. नवख्याला तीच जागा सगळ्यात शांत वाटते आणि तो तिथेच पाण्यात उतरतो. पण चरात साठलेलं सगळं पाणी तिथूनच बाहेर पडत असतं. गढूळ पाणी आणि फेस समुद्राकडे जाताना दिसला की समजायचं, इथे ओढ आहे. त्या तोंडाच्या कडेला मासा उत्तम लागतो, पण गरवायचं कोरड्या वाळूवरून.

कोणी ओढीत सापडलंच तर किनाऱ्याकडे पोहायची धडपड करायची नाही. ओढ अरुंद असते. किनाऱ्याला समांतर पोहत तिच्यातून बाजूला निघायचं आणि मग लाटांबरोबर आत यायचं. जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करायचा. पण रात्री तुमचा हात दिसणार कोणाला? म्हणूनच एकट्याने जाऊ नका.

भरतीची वेळ छापील तक्त्यावरून किंवा ॲपवरून बघा, त्याच किनाऱ्याची. जुनी माणसं तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती. हिशेब ढोबळ आहे आणि ज्या किनाऱ्यावर अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास भरती येते तिथेच बसतो, सगळीकडे नाही. रोज भरती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, हे मात्र लक्षात ठेवा. गेल्या शनिवारी आठला होती म्हणून या शनिवारीही आठला, असं होत नाही.

बारावाहिस्सा

यात एक भर घालतो. पाणी एकसारखं चढत नाही. भरतीचे सहा तास धरले तर पहिल्या तासात एकूण चढाच्या बाराव्या हिश्श्याएवढं चढतं, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग परत दोन आणि एक. ओलीवाळूंच्या रात्रीला लावून बघा. एकूण चढ ३ मीटर असेल तर पहिल्या तासात फक्त २५ सेंटीमीटर. माणूस म्हणतो, काही विशेष नाही, बसू अजून. दुसऱ्या तासात ५०, आणि तिसऱ्यात ७५. पहिल्या तासाच्या अनुभवावरून पुढचा अंदाज बांधला की माणूस फसलाच.

अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत हा चढ सगळ्यात मोठा असतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, तेव्हा कमी. नवख्यांनी पहिल्या काही रात्री भांगालाच जावं. मासे कमी लागतील, पण पाणी तुम्हाला विचार करायला वेळ देईल.

रातवा

सगळं पटलं. माझा मुद्दा उजेडाचा. किनाऱ्यावर लोक कपाळावर पांढरी बॅटरी लावून येतात आणि दर दोन मिनिटांनी पाण्यावर मारतात. डोळे अंधाराला पुरते सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढरा झोत एका क्षणात ते घालवतो. मग समोर काय चाललंय ते कळत नाही आणि माणूस परत बॅटरी लावतो. मी लाल दिवा वापरतो, तोही पाण्याकडे पाठ करून. गाठ बांधायला तेवढा पुरतो. सरावलेल्या डोळ्यांना चांदण्यांच्या उजेडातही लाटेची पांढरी कड दिसते आणि दांडा कुठे आहे ते फेकता फेकता कळत राहतं.

दुसरं, वाळूवर कासवं अंडी घालतात अशा किनाऱ्यांवर हंगामात कसलाच उजेड नको. पिल्लं रात्री घरट्यातून निघतात आणि ज्या बाजूचं क्षितिज उजळ दिसेल तिकडे चालतात. एरवी ती बाजू समुद्राची असते. आपण मागे दिवा लावून बसलो तर ती आपल्याकडे येतात आणि सकाळपर्यंत वाळूतच मरतात. बंदी असेल तर ती पाळा, नसेल तरी त्या दिवसांत तिथे जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

खारावारा

समुद्र चमकतो तेव्हा मासे लागत नाहीत, हा अनुभव आणखी कोणाला आहे का? मागच्या महिन्यात लाटा निळ्या पेटत होत्या. पाय टाकला की भोवती ठिणग्या. तंगूस पाण्यात शिरत होतं तिथे निळी रेघ उमटत होती. बघत राहावं असं दृश्य, पण रात्रभर एक धक्का नाही.

रातवा

हो, माझाही तोच अनुभव आहे. नॉक्टिल्युका नावाचे सूक्ष्म जीव असतात, पाणी हललं की चमकतात. माझ्या समजुतीने माशाला तंगूस, शिसं, सगळंच उजळलेलं दिसत असणार. अशा रात्री मी शिसं हलवत नाही, तारेच्या नख्यांचं शिसं वापरून ते वाळूत रुतू देतो आणि आमिष तळाशी निवांत पडू देतो. दोनदा त्याने काम झालंय. नाही झालं तरी अशी रात्र मी सोडत नाही.

शिसंदोरी

शिंगाळा आणि पाकट यांबद्दल कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते. रात्री चरात हे दोघं हमखास असतात.

शिंगाळ्याला तीन काटे असतात, एक पाठीवर आणि दोन कल्ल्यांमागे बाजूला. बाहेर काढला की तो तिन्ही ताठ करतो आणि ते तसेच अडकून राहतात. लहान शिंगाळा जास्त त्रासाचा, कारण माणूस त्याला सहज मुठीत घेतो. मी कधीच हाताने धरत नाही. लांब चिमट्याने गळ धरायचा आणि मासा उलटा करून सोडायचा. खोल गिळला असेल तर तंगूस तोंडापाशी कापायचं. वाळूवर टाकून तर कधीच देऊ नका. सकाळी अनवाणी येणाऱ्या एखाद्या मुलाच्या पायात तो काटा जातो.

पाकटाची नांगी शेपटीच्या वरच्या बाजूला असते. ते वाळूत अंग पुरून बसतं, आणि वरून पाय पडला तरच मारतं. ओलीवाळू पाय घासत आले ते यासाठीच. घासत गेलं की ते आधीच सरकतं.

लागलंच तर, दोन्हींचं विष उष्णतेने निकामी होतं. सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या, जखम अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायची. पाणी किती गरम आहे ते जखमी नसलेल्या हाताने बघायचं, कारण दुखऱ्या पायाला भाजल्याचं कळत नाही. आणि नंतर दवाखान्यात जायचंच, काट्याचा तुकडा आत राहतो. छातीत किंवा पोटात काटा रुतला असेल तर तो उपटायचा नाही, तसाच ठेवून माणसाला तातडीने न्यायचं. आम्ही गाडीत गरम पाण्याचा मोठा थर्मास ठेवतो. सात वर्षांत दोनदा लागला.

लांबफेक

+१. आणि विजा. आपले रॉड कार्बनचे असतात, त्यातून वीज वाहते, आणि सपाट वाळूवर सगळ्यात उंच वस्तू तीच असते. लखलखाट आणि गडगडाट यांत तीस सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर रॉड आडवा ठेवून गाडीत किंवा पक्क्या इमारतीत जायचं. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास परत यायचं नाही. मासा कितीही चांगला लागत असला तरी.

नवखा_गळ

सगळ्यांचे मनापासून आभार. मी हा धागा वहीत उतरवून घेतला आणि परवा दुपारी तळाच्या ओहोटीला नुसताच चालायला गेलो, रॉड न घेता.

तीच जागा, जिथे मी दोनदा रिकामा बसलो होतो. मला ती सपाट वाटली होती. ओल्या वाळूपासून अडतीस पावलांवर चर सुरू झाला, मध्यभागी मांडीपर्यंत खोल. तळाशी शिंपल्यांचा चुरा साचलेला आणि खेकड्यांची बिळं. पुढे बावीस पावलांवर दांडा. डावीकडे दीडशे पावलांवर दांडा तुटलाय. तिथे पाणी कमी असूनही पायाखालची वाळू सरकत होती. त्याच्या सरळ रेषेत वर एक वाकडं झाड आहे, ते खूण म्हणून धरलं.

काल रात्री भावाला घेऊन गेलो. भांगाची भरती होती. भरतीचा चौथा तास लागल्यावर झाडापासून बरंच उजवीकडे, कोरड्या वाळूवर उभे राहिलो आणि तीस पावलं फेकलं. पाऊण तास काही नाही. मग अचानक तंगूस ढिलं पडलं. मला वाटलं शिसं सुटलं असेल. भाऊ म्हणाला, गुंडाळ, गुंडाळ. गुंडाळत गेलो तर मासा आपणहून किनाऱ्याकडे पळत होता. शेवटची लाट परत जाताना मी जोरात ओढत होतो. भावाने हात धरला. म्हणाला, थांब, पुढची लाट येऊ दे. ती आली, तिच्याबरोबर मासा सरकत वाळूवर आला. ढोमाच होता. लहान होता म्हणून सोडला, पण त्याआधी दोन्ही हातांत धरला. घुरघुर लागली हाताला.

एक विचारायचंय. चर दर महिन्याला त्याच जागी राहतो का?

ओलीवाळू

वाचून फार आनंद झाला. मासा ढिल्या तंगुसावर ओळखायला मला दोन वर्षं लागली होती.

नाही, राहत नाही. एखादं वादळी उधाण एका रात्रीत दांडा हलवतं आणि तुटलेलं तोंड पन्नास-शंभर पावलं सरकतं. पावसाळ्यानंतर तर किनारा ओळखू येत नाही. तुमचं झाड तिथेच राहील, तोंड राहणार नाही. वहीत पावलांसमोर तारीख घाला आणि पुढच्या वेळी जाण्याआधी पुन्हा चालून या.